रोजेदारांच्या देशात पाच दिवस : मस्कत, निझवा, मिस्फात

मार्च 2025 मध्ये आम्ही दोघे ओमानला गेलो तेव्हा रमजान निम्म्यावर येत होता. तिकडे रमजानचा पहिला दिवस 1 मार्च होता आणि आम्ही 12 तारखेच्या पहाटे मस्कतला उतरलो. घरातील बहुतेकांनी महिनाभर थांबून जाण्याचा सल्ला दिला होता. दिवसा उपाहारगृहे बंद असतात, पाण्याचा घोटही उघड्यावर घेता येत नाही, आणि ह्यांना मधुमेह असल्यामुळे वेळच्या वेळी खावे लागते, ही कारणे खरीच होती. तरीही आम्ही तारखा बदलल्या नाहीत. दापोलीला आमच्या घरासमोर राहणाऱ्या कुटुंबातील निम्मी माणसे आखातात नोकरीला होती आणि रमजानच्या दिवसांत माझे वडील त्यांच्या ओटीवर गप्पा मारायला बसले की खिशातील सुपारीची डबी बाहेर काढत नसत. त्यांनी आम्हाला याबद्दल कधी काही सांगितले नाही. आम्ही ते नुसते पाहिले होते. ज्या देशाचा सारा दिवस रोजाभोवती फिरतो तिथे परक्याने कसे वावरावे, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

पहिला दिवस : मत्रह

आमचे हॉटेल मत्रहच्या, म्हणजे मस्कतच्या जुन्या बंदराच्या भागात, समुद्रकिनारी रस्त्याला लागून होते. स्वागतकक्षातील तरुणाने खोलीची किल्ली देण्याआधीच सांगितले की, न्याहारी दहापर्यंत मागच्या दालनात मिळेल, त्या दालनाला पडदे लावलेले असतील आणि दुपारचे जेवण हवे असल्यास खोलीत पाठवले जाईल. आम्ही न्याहारी करून थोडे झोपलो आणि साडेअकराच्या सुमारास फिरायला बाहेर पडलो. ही वेळ चुकीची होती. पारा तिशीच्या आसपास होता, ऊन पाण्यावरून उसळून डोळ्यांवर येत होते आणि बाजाराची बहुतेक दारे ओढून घेतलेली होती. अर्ध्या तासातच ह्यांना घाम सुटला, हात थरथरू लागले. आम्ही बाकावर बसलो आणि मी काहीही विचार न करता पिशवीतून पाण्याची बाटली व ग्लुकोजची बिस्किटे काढून त्यांच्या हातात दिली.

शेजारच्या दुकानातून पांढरी दिशदाशा, म्हणजे पायघोळ अंगरखा, आणि भरतकामाची कुम्मा टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ लगबगीने आमच्याकडे आले. आता बोलणी बसणार असे वाटून मी उठून उभी राहिले. त्यांनी स्वच्छ हिंदीत विचारले, "भाईसाहब की तबियत ठीक नहीं है?" मी मधुमेहाचे सांगताच त्यांनी ह्यांच्या दंडाला धरून आम्हाला दुकानात नेले, मागच्या बाजूचा पडदा सारून आत बसवले आणि म्हणाले, "बीमार को मना नहीं है, मुसाफिर को भी नहीं। बस सामने नहीं।" मग ते स्वतः बाहेर जाऊन बसले. आम्ही खाऊन-पिऊन बाहेर येईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिले नाही. मत्रहमधील अनेक जुन्या घराण्यांचा कच्छ-सिंधशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे आणि मस्कतमधील कितीतरी ओमानी माणसे सहज हिंदी बोलतात, हे मला माहीत होते. परंतु त्या दुपारी ती भाषा ऐकून जो धीर आला तो विसरता येणार नाही.

जाणाऱ्यांना येथेच सांगितलेले बरे. ओमानच्या 2018 च्या दंडसंहितेनुसार रमजानमध्ये दिवसा उघड्यावर खाणे-पिणे हा गुन्हा असून त्यासाठी 10 दिवसांपासून 3 महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पाहुण्यांना त्यातून सूट नाही. सिगारेट ओढणे किंवा च्युइंगगम चघळणे हेही टाळावे, आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीत बसून खाणे म्हणजे आडोसा नव्हे. खाण्याची सोय मात्र मुळीच अवघड नाही, कारण मोठी किराणा दुकाने दिवसभर उघडी असतात. फळे, दही, खुबूस म्हणजे तिकडची रोटी, काकडी, उकडलेली अंडी असे काही घेऊन खोलीत ठेवावे. आम्ही त्या दिवसापासून ह्यांचे वेळापत्रकच बांधले. आठला भरपेट न्याहारी, साडेबाराला खोलीत जेवण, चारला पुन्हा खोलीत काहीतरी, आणि सव्वासहाच्या सुमारास सूर्यास्त झाला की सर्वांबरोबर. मधली फिरस्ती या वेळांभोवती गुंफायची. असे केल्यावर पुढच्या चार दिवसांत बाहेर बाटली काढण्याची वेळच आली नाही.

रात्री नऊनंतर, तरावीहची म्हणजे रमजानमधली रात्रीची खास नमाज आटोपल्यावर, तोच बाजार ओळखू येईना. ऊद आणि लोबानाचा धूर, कापडाच्या दुकानांत बायकांची गर्दी, लहान मुलांच्या हातांत रंगीत कापडी पिशव्या. पिशव्या कशासाठी, असे मी एका दुकानदाराला विचारले तेव्हा तो म्हणाला, "करनकशूह के लिए। दो दिन रुकिए, पता चलेगा।" सुटे पैसे परत देताना त्याने 'बैसा' हा शब्द उच्चारला आणि मला बरे वाटले. ओमानी रियालचे 1000 बैसा होतात. तो आपलाच 'पैसा' आहे, आणि 1970 मध्ये ओमानचे स्वतःचे चलन येईपर्यंत या भागात रुपयाही चालत असे.

दुसरा दिवस : मशीद आणि मशिदीचे अंगण

सुलतान काबूस भव्य मशीद मुस्लिमेतरांना शुक्रवार सोडून सकाळी आठ ते अकरा पाहता येते. रमजानमध्ये वेळा बदलू शकतात, म्हणून आदल्या दिवशी विचारून घ्यावे. स्त्रियांनी केस, मनगटे आणि घोटे झाकणे आवश्यक आहे. मी सलवार-कमीज आणि मोठी सुती ओढणी नेली होती, त्यामुळे दारातून कोणी परत पाठवले नाही; पुरुषांनी पूर्ण लांबीची विजार घालावी. 2001 मध्ये खुल्या झालेल्या या मशिदीतील गालिचा 600 विणकर स्त्रियांनी 4 वर्षे खपून विणला आणि त्याचे वजन 21 टन आहे, ही माहिती सगळीकडे मिळते. माझ्या लक्षात राहिली ती खांबाला टेकून कुराण वाचणारी माणसे. या महिन्यात एकदा तरी संपूर्ण कुराण वाचून पूर्ण करावे, असा अनेकांचा नेम असतो. आपल्याकडे श्रावणात पारायणाला बसलेल्या माणसासमोरून जाताना आपण जसे पाय न वाजवता जातो, तसे तिथे जावे, आणि कॅमेरा अशा माणसाकडे वळवू नये. दोन प्रवासी एका वाचणाऱ्या म्हाताऱ्याचे अगदी जवळून छायाचित्र घेत होते. तो काही बोलला नाही. त्याने फक्त पुस्तक थोडे वर धरले. ते पाहून मला वाईट वाटले.

संध्याकाळी मस्कतच्याच रूवी भागातील बाजारात कापड पाहताना दुकानातील विक्रेत्याने आमचे आपसातील बोलणे ऐकून मराठीत विचारले, "तुम्ही कोणत्या गावच्या?" तो खेडचा निघाला. अठरा वर्षे तिथे होता. दापोलीचे नाव ऐकल्यावर त्याने आमचे काही ऐकून न घेता आग्रह धरला की, आम्ही इफ्तारला त्याच्याबरोबर जवळच्या मशिदीत यावे. तिथे अंगणात प्लास्टिकच्या लांब पट्ट्या अंथरल्या होत्या आणि दोन्ही बाजूंनी बांगलादेशी, पाकिस्तानी, भारतीय कामगार रांगेने बसले होते. बांधकामावरून थेट आलेल्या कित्येकांच्या कपड्यांवर सिमेंट होते. प्रत्येकासमोर तीन खजूर, पाणी, लबन म्हणजे ताक, एक केळे, सांबूसा आणि बिर्याणीचे मोठे ताट चौघांत एक.

मला संकोच वाटला. हे अन्न दिवसभर राबून उपाशी राहिलेल्यांसाठी होते. आम्ही तर साडेबाराला जेवलो होतो. मी तसे स्पष्ट बोलले तेव्हा तो खेडचा गृहस्थ म्हणाला, "ताई, रोजेदाराला इफ्तार घालणाऱ्याला सवाब, म्हणजे पुण्य, मिळते, आणि दारी आलेल्याला उठवून लावणे हे तर कोणालाच पटणार नाही. तुम्ही बसा." ह्यांना पुरुषांच्या रांगेत जागा मिळाली, मला स्त्रियांच्या बाजूला, भिंतीलगत, दोन लहान मुलांना घेऊन आलेल्या एका बाईंजवळ बसवण्यात आले. अजान होईपर्यंतची ती चार-पाच मिनिटे मी जन्मभर विसरणार नाही. दीडशे-दोनशे माणसे अन्नासमोर बसली होती आणि एकाचाही हात पुढे गेला नव्हता. ओठ मात्र हलत होते. ही दुआ कबूल होण्याची वेळ आहे असे ते मानतात. अजानचा पहिला शब्द येताच सगळ्या रांगेने एकदम खजूर उचलला.

असे बोलावणे आल्यास जरूर जावे, पण फुकटच्या जेवणासाठी आपण होऊन जाऊन बसणे मला योग्य वाटत नाही. जमल्यास वाटेत खजुराचा एखादा डबा घ्यावा आणि वाढणाऱ्याच्या हाती द्यावा. खजूर आणि पाणी घेऊन झाले की लोक मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजेसाठी उठतात. त्या वेळी आपण शांतपणे जागेवर थांबावे, कोणाच्या पुढून जाऊ नये.

तिसरा दिवस : निझवा

शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघालो. आमचे चालक मस्कतचेच बलुची ओमानी होते. त्यांनी सहरी, म्हणजे रोजाआधीचे पहाटेचे खाणे, चारला केली होती आणि पाचच्या सुमारास फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजेची, अजान झाल्यावर त्यांच्या तोंडात पाणी जाणार नव्हते. निझवा दीडशे किलोमीटरहून थोडे अधिक लांब आहे. चालकाशेजारी बसून आपण खाऊ नये हे उघडच आहे, पण मी त्यांना आणखी एक गोष्ट विचारली : परतीच्या दिवशी आम्हाला उशिरा सोडून त्यांची इफ्तार रस्त्यात होणार असेल तर आम्ही निघण्याची वेळ बदलू का? त्यांना हा प्रश्न फार आवडला असावा. रमजानमध्ये मुस्लिम कामगारांचा कामाचा दिवस कायद्यानेच सहा तासांवर आणलेला असतो; पर्यटकांची गाडी हाकणाऱ्याला मात्र पाहुण्याच्या घड्याळाप्रमाणे चालावे लागते. चालक, वाटाड्या, हॉटेलातील सफाई करणारा यांच्याकडे दुपारी तीननंतर जड काम मागू नये, एवढे तरी आपल्या हातात असते.

निझवाचा शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार सकाळी लवकर भरतो आणि नऊनंतर ओसरू लागतो. गोल वाटेवरून मालक बकऱ्या फिरवतात, दोन्ही बाजूंना गिऱ्हाइके दाटीने उभी असतात, आणि किमतीच्या आरोळ्या, धूळ, बकऱ्यांचे बें-बें यांत आपण कोणाच्याही वाटेत न येणे हेच मोठे काम होते. ईद जवळ येईल तशी गर्दी वाढत जाते. शेजारच्या हलव्याच्या दुकानात केशर, वेलदोडा आणि गुलाबपाण्याचा वास भरून राहिला होता. एरवी दुकानदार चमच्यावर हलवा चाखायला देतात. त्या दिवशी त्याने डबा बांधून वर कागद चिकटवला आणि हाताने सूर्य बुडाल्याची खूण करून हसला.

साडेअकरापासून सगळे बंद झाले. जुन्या वस्तीतील मातीच्या घरांत आता पाहुण्यांसाठी खोल्या केलेल्या आहेत. त्यातल्याच एकीत आम्ही शिदोरी सोडली आणि चारपर्यंत पडून राहिलो. पोर्तुगिजांना 1650 मध्ये मस्कतमधून हाकलणाऱ्या इमाम सुलतान बिन सैफ यांनी बांधलेला किल्ला त्यानंतर पाहिला. बुरुजावरून खाली पाहिले तर खजुरीच्या बागांच्या मधल्या रस्त्यावर एकही माणूस नव्हते.

आणि मगरिबनंतर मुले आली. नव्या कपड्यांतील, गळ्यात त्याच रंगीत पिशव्या अडकवलेली मुले घोळक्याने दारोदार गाणे म्हणत हिंडत होती आणि घराघरांतून त्यांच्या पिशव्यांत शेंगदाणे, गोळ्या, चॉकलेटे, कधी सुटे बैसा पडत होते. हेच करनकशूह, रमजानच्या मध्यावर येणारा मुलांचा सण. आमच्या दारातही दहा-बारा जण उभे राहिले. मी दुपारीच दुकानातून गोळ्यांच्या दोन पिशव्या आणून ठेवल्या होत्या; मत्रहच्या दुकानदाराने सुचवले नसते तर रिकाम्या हातांनी उभे राहावे लागले असते. डोंगरामागून पौर्णिमेचा चंद्र वर आला होता. त्या दिवशी आमच्याकडे धुळवड होती. कोकणात शिमग्याला मुले पोस्त मागत दारोदार फिरतात, त्याच चांदण्यात इथेही मुले मागत फिरत होती. चंद्राच्या तिथीवर चालणाऱ्या दोन समाजांचे सण असे एका रात्री भेटावेत याचे मला फार अप्रूप वाटले, आणि ह्यांनी लगेच दापोलीला फोन लावला.

चौथा दिवस : मिस्फात अल अब्रियीन

मिस्फात हे डोंगराच्या कडेला चिकटलेले दगड-मातीचे गाव आहे. गावात शिरतानाच खांदे आणि गुडघे झाकण्याची विनंती करणारी पाटी दिसते. फलज नावाच्या कालव्यांचे पाणी पायऱ्यापायऱ्यांनी बागांत उतरते. हे कालवे केवळ उताराच्या जोरावर वाहतात आणि अशा पाच फलजांना 2006 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे. निझवाचा फलज दारिस त्यांपैकी एक. मिस्फातच्या फलजच्या काठी दुपारी गावातील माणसे वजू करत होती, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धूत होती. उन्हाने तापलेल्या अंगाला ते गार पाणी लागावे असे कोणालाही वाटेल, पण तिथे पोहण्याच्या कपड्यांत उतरणे बरे नव्हे. आम्ही काठावर बसून हात-पाय भिजवले.

आमच्या घरमालकांनी संध्याकाळी आपल्या घरी इफ्तारला बोलावले. ह्यांना पुरुषांच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, नेले आणि मला आत, बायकांत. जमिनीवर गालिचा, मध्ये सुफरा म्हणजे जेवणासाठी अंथरलेले कापड, त्यावर खलास जातीचे खजूर, लबन, गव्हाचे शोरबा, मांस आणि गहू घोटून केलेले हारीस, तळून पाकात टाकलेले लुकैमात. मी शाकाहारी आहे हे त्यांना सकाळीच सांगितले होते. माझ्यासाठी मसुराची वेगळी वाटी आणि भात होता. हे आधी सांगणे चांगले, ताटावर बसल्यावर सांगू नये.

घरमालकांच्या आईंनी, इंग्रजी शिकणाऱ्या नातीच्या मध्यस्थीने, मला विचारले की, तुमच्यात रोजा असतो का. मी एकादशीबद्दल सांगितले, निर्जळी एकादशीला पाणीही घेत नाहीत हे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी उपास सोडण्याला आम्ही पारणे म्हणतो हेही. 'पारणे' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारून पाहिला. मग त्यांनी विचारले, आज तुम्ही रोजा ठेवला आहे का? त्या दिवशी सकाळपासून मी काही खाल्ले नव्हते, पण दुपारी पाणी प्यायले होते. होय म्हणणे सोपे होते. मी खरे ते सांगितले. हे ऐकून सात-आठ वर्षांची धाकटी नात पुढे सरकली आणि म्हणाली की, तीही फक्त दुपारच्या नमाजेपर्यंतच रोजा ठेवते. आजींनी आम्हा दोघींना शेजारी बसवले आणि अजान होताच पहिला खजूर तिच्या हातावर आणि दुसरा माझ्या हातावर ठेवला.

खाणे उजव्या हाताने, आपल्या बाजूचे. पायांचे तळवे कोणाकडे करायचे नाहीत. परक्या स्त्रीपुढे पुरुषाने हात पुढे करू नये, छातीवर हात ठेवून मान लववावी. 'रमजान करीम' म्हटल्यावर 'अल्लाहु अक्रम' असे उत्तर येते. शेवटी वेलदोडा घातलेला कहवा लहान प्याल्यात मिळतो आणि प्याला हलवून परत केला नाही तर तो पुन्हा भरला जातो. मी हे विसरून चार प्याले घेतले, त्या रात्री झोप आली नाही, आणि दोन-तीनच्या सुमारास गावातील एकेका खिडकीत सहरीचे दिवे लागताना दिसले.

पाचवा दिवस : परत मस्कतला

विमान रात्रीचे असल्यामुळे दुपारी निघून सूर्यास्ताआधी मस्कतला पोहोचावे, म्हणजे चालकांना घरी इफ्तार करता येईल, असे ठरले होते. वाटेत एका मालवाहू गाडीचा अपघात झाल्याने रस्ता तुंबला आणि तास-दीड तास गेला. रमजानमध्ये सूर्यास्तापूर्वीचा अर्धा तास रस्त्यावर सर्वांत धोक्याचा असतो, सगळ्यांनाच घर गाठायचे असते. शक्य असल्यास तेवढा वेळ प्रवास टाळावा. आमच्या चालकांनी मात्र वेग वाढवला नाही. घरी पोहोचणार नाही हे कळल्यावर त्यांनी पत्नीला फोन करून शांतपणे सांगितले.

सहा वाजून गेले होते. मस्कतच्या अलीकडे एका सिग्नलवर शाळकरी वयाची मुले थांबलेल्या गाड्यांच्या खिडक्यांतून कागदी पाकिटे देत होती. आमच्या गाडीत तीन आली : प्रत्येकात खजूर, पाण्याची छोटी बाटली, लबन, एक पाव. ह्यांची चारची न्याहारी त्या गोंधळात राहून गेली होती आणि त्यांना भूक लागली आहे हे मला दिसत होते. चालकांनीही आरशातून पाहिले आणि म्हणाले, "आप खा लीजिए, आप पर नहीं है।" ह्यांनी साखर तपासली, ती ठीक होती. पाकीट मांडीवर तसेच ठेवून ते म्हणाले, "थोडी ही देर है।" चालकांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि रेडिओ लावला. अजान सुरू झाली तेव्हा त्यांनी मागे वळून आपल्या पाकिटातला खजूर आधी ह्यांच्यापुढे धरला.